फुकुशिमात माणसं कशानं गेली ते आधी बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जैतापूरच्या अणुप्रकल्पावरून तुमच्या पेपरात सध्या जी पत्रांची जुगलबंदी चाललीये ती रोज वाचतोय. एक पार्टी म्हणते जपानच्या फुकुशिमा अणुवीज प्लांटमध्ये मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर जो अपघात झाला त्यात रेडिएशननं कोणी मेलंच नाही, उगाच बाऊ करताय, दुसरी म्हणते तिथं कॅन्सरनं घरंच्या घरं रिकामी झाली. दोघांनाही हात जोडून सांगतो, तिथं जे झालं ते तुमच्यापैकी कुणाच्याच सोयीचं नाहीये. माझं बोईसरला मेडिकल आहे, तारापूरचा प्लांट जवळच, आणि त्यातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या. फुकुशिमाची एक नंबरची भट्टी पण त्याच कंपनीची, १९७१ची, म्हणजे एकाच घराण्यातल्या. म्हणून जरा बारकाईनं वाचत आलोय इतकंच.

आता मृत्यूंचं. संयुक्त राष्ट्रांची रेडिएशनवरची शास्त्रज्ञांची जी समिती आहे तिनं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की तिथल्या रहिवाशांच्या तब्येतीवर थेट रेडिएशनमुळे झालेला दुष्परिणाम नोंदवला गेलेला नाही. प्लांटवरच्या एका कामगाराचा फुप्फुसाच्या कॅन्सरनं झालेला मृत्यू जपान सरकारनं २०१८ मध्ये रेडिएशनशी जोडून भरपाई दिली, तेवढाच. झालं, पहिली पार्टी खूश. पण त्याच फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि त्सुनामीनं थेट गेलेली माणसं साधारण १६०० आणि नंतरच्या धावपळीनं, हाल होऊन, औषधपाणी तुटून, खचून जाऊन गेलेली २३०० च्या वर! हा आकडा कुणा आंदोलनवाल्यांचा नाही, सरकारी नोंदीतला आहे, प्रत्येक केस तपासून घरच्यांना पैसे दिलेत.

एकच उदाहरण देतो. ओकुमा गावात फुताबा हॉस्पिटल होतं, प्लांटपासून पाचेक किलोमीटरवर, बरेचसे पेशंट म्हातारे आणि अंथरुणाला खिळलेले. २० किलोमीटरच्या आतल्या सगळ्यांनी निघा असा हुकूम आला तेव्हा चालती-फिरती माणसं आधी गेली, उरलेल्यांपैकी काहींना १४ मार्चला बसमध्ये बसवलं आणि आधी रेडिएशन तपासायला उत्तरेला नेलं, मग लांबचा वळसा घालून दक्षिणेला इवाकीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, दोनशेच्या वर किलोमीटर, दहा तास, सोबत ना डॉक्टर ना सलाईन. काही बसमध्येच गेले, काही हॉलमध्ये. मिनामिसोमा या जवळच्या शहरातल्या वृद्धाश्रमांचा नंतर अभ्यास झाला, तिथं हलवल्यानंतर मृत्यूचं प्रमाण आधीच्या सुमारे २.७ पट झालं. हलवायलाच नको होतं असं मी म्हणत नाही, घरी कुणी बघायलाच उरलं नव्हतं तर ठेवणार कुणाच्या भरवशावर. पण हलवायचं कसं, कुठं, सोबत कोण, याची काहीच तयारी नव्हती. आणि जी जगली त्यांच्यात लठ्ठपणा, शुगर, डिप्रेशन वाढलं. शेतीवाडीवर राबणारी माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं बसून राहिली तर दुसरं काय होणार.

आता थायरॉइड. घटनेच्या वेळी १८ वर्षांपर्यंतची जी मुलं होती त्यांतल्या जवळजवळ ३ लाख ८० हजार मुलांची तपासणी ठरली आणि तीनशेच्या वर कॅन्सरच्या किंवा संशयित केस निघाल्या. ऐकायला भयंकर वाटतं, पण इतक्या मुलांच्या गळ्यावर कुठंही सोनोग्राफीचं मशीन फिरवलं तर एरवी जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठीही सापडणारच, असं बहुतेक तज्ज्ञ म्हणतात आणि मला ते पटतं. चेर्नोबिलला मुलांनी आयोडीन-१३१ (किरणोत्सारी आयोडीन) असलेलं दूध आठवडेच्या आठवडे प्यायलं, जपाननं दूध आणि भाजीपाला लवकर रोखला, हा मोठा फरक. पण तिथल्या आईबापांना हे सांगून पटत नाही, आणि त्यांना अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही. कारण ऐका.

किरणोत्सारी वारा कुठं जाईल याचा अंदाज काढणारी स्पीडी नावाची सिस्टीम सरकारकडे होती. नामिए गावची हजारो माणसं प्लांटपासून दूर म्हणून वायव्येला त्सुशिमाला जाऊन राहिली, आणि वारा नेमका तिकडंच गेला. त्यांना कुणी सांगितलंच नाही. अमेरिकी लष्कराला ते अंदाज १४ मार्चला मिळाले, जपानी जनतेला २३ ला! पुढं एप्रिलमध्ये शाळांच्या मैदानांसाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) मर्यादा चालेल म्हणाले, तेव्हा सरकारचाच सल्लागार प्राध्यापक तोशिसो कोसाको यानं रडत राजीनामा दिला, मुलांना हे लावणं मला पटत नाही म्हणून. अशा सरकारनं नंतर खरं जरी सांगितलं तरी कोण ऐकणार?

मिहारू नावाच्या छोट्या गावाची गोष्ट मला धंद्यामुळे जास्त भावते. तिथल्या पालिकेनं १५ मार्चला वारा बघितला, वरून आदेश यायची वाट बघितली नाही आणि आपल्या लोकांना आयोडीनच्या गोळ्या वाटून टाकल्या. प्रांताच्या ऑफिसातून फोन आला, परत गोळा करा. त्यांनी केल्या नाहीत. आयोडीनची गोळी म्हणजे काही रामबाण नाही, ती फक्त थायरॉइड सांभाळते, ती पण किरणोत्सारी आयोडीन अंगात जायच्या जरा आधी किंवा नंतरच्या थोड्या तासांत घेतली तरच, आणि खरा फायदा लहान मुलांना आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायकांना. म्हणजे ती गोळी गावात आधीच असली पाहिजे, नंतर ट्रकनं येऊन उपयोग नाही.

राजकारणात काय झालं? पंतप्रधान नाओतो कान त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायउतार झाले. संसदेच्या चौकशी समितीनं २०१२ मध्ये हे माणसानं ओढवलेलं संकट आहे असं लेखी दिलं, कारण नियम लावणारे आणि वीज विकणारे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. प्लांट चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्या स्वतःच्या माणसांनी २००८ मध्ये १५.७ मीटरच्या लाटेचा हिशोब काढला होता, पण भिंत उंच झाली नाही. (भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ असलेला ओनागावाचा प्लांट मुळातच उंचावर बांधला होता म्हणून तो वाचला, इतकंच नाही तर गावकरी तिथंच आसऱ्याला गेले.) फुताबाच्या पेशंटसह ४४ जणांच्या मृत्यूबद्दल टेप्कोच्या वरिष्ठांवर खटला चालला आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात निर्दोष सुटका कायम झाली. दोषी कोणीच नाही.

भरपाई मात्र मिळाली, कारण जपानच्या कायद्यात प्लांट चालवणाऱ्याच्या जबाबदारीला वरची मर्यादाच नाही. आत्तापर्यंत १० लाख कोटी येनच्या पुढं गेलीये, त्यासाठी सरकारला कंपनीच ताब्यात घ्यावी लागली. आपल्याकडे अणुअपघाताच्या भरपाईच्या २०१० च्या कायद्यात चालवणाऱ्यावर मर्यादा होती १५०० कोटी रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये अणुऊर्जेचा जो नवा ‘शांती’ कायदा आला त्यात ती मोठ्या प्लांटला ३००० कोटी केली, पण खराब माल दिला म्हणून पुरवठादाराकडून वसूल करायची आधीची तरतूद काढून टाकली, आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं. एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कायद्याचा दर्जा दिला ही त्यातली चांगली गोष्ट, तेही लिहितो, नाहीतर एकतर्फी म्हणाल.

तर जैतापूर हवं की नको हा वाद चालू द्या. पण तारापूर आहेच, ते कुठं जात नाही, आणि प्लांटभोवती १६ किलोमीटरच्या आतल्या गावांसाठी आणीबाणीचा प्लॅन ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, तो राबवायची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची. बोईसर, चिंचणी, दांडीच्या किती लोकांना माहितीये की कुठल्या शाळेत जमायचं, वारा कुठला हे कोण सांगणार, डायलिसिसवाल्याला आणि बाळंतिणीला घेऊन कोण जाणार, गोळ्या कुठल्या आरोग्य केंद्रात आहेत? तुमच्या वार्ताहराला हा प्लॅन मागून घ्यायला सांगा आणि सोप्या मराठीत, नकाशासकट, पालघर आवृत्तीत अख्खं पान छापा. छापलात तर मी माझ्या दुकानाच्या काचेवर लावतो.

आपला,
एक वाचक, बोईसर (जि. पालघर)