आप्पा, तुम्ही माझ्या आईला विचारलंत

आप्पा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाहेर रिक्षावाला घाई करत होता आणि छत्री एकच होती. आमच्या शिंदखेड्याकडे अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला खुशाल आप्पा म्हणतात, तसंच म्हणतो. संग्रहालयाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्ही केलंत ते नियमात बसत होतं की नाही मला ठाऊक नाही, उगाच कुणी तुम्हाला विचारणा करायला नको. धुळं, पंधरा ऑगस्टची दुपार, झेंडावंदन आटोपून हातात कुलूप घेऊन उभे असलेले तुम्ही. एवढी खूण पुरे.

कानबाईच्या उत्सवाला आम्ही सगळे गावी जमलो होतो. रोट खाऊन झाले, पाहुणे पांगले आणि पाऊस बसला तो हलेना. लेकीला लळिंगचा किल्ला दाखवायचं कबूल केलं होतं, पण धुळ्यात उतरलो तर किल्ला ढगात आणि पांझरा लालभडक. सहावीतली पोर तोंड पाडून बसली, तिला शाळेसाठी 'आपल्या भागाचा इतिहास' लिहून न्यायचा होता. म्हणून तुमच्या दारात आलो. आई यायला तयारच नव्हती. "मी बाहेर बठस, तुम्ही जाई या," म्हणाली.

ती असं का म्हणाली ते सांगतो, कारण त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही तुम्ही काय केलंत.

दोनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात तिला घेऊन गेलो होतो. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी. एका देवीच्या मूर्तीपुढे तिनं सवयीनं चप्पल काढली, हात जोडले आणि डोकं टेकायला वाकली. तिथल्या माणसानं शिट्टी मारली. मैदानात मारतात तशी, जोरात. "ओ आजी, मागे व्हा! हे देऊळ नाही!" सगळे वळून बघायला लागले, दोघं हसलेसुद्धा. मूर्तीला हात लागू नये हे मलाही कळतं, पण जवळ येऊन हळू सांगता आलं असतं. पुढचा दीड तास आई बाहेर पायरीवर बसून होती, चपला मांडीवर घेऊन. तिकीट तिचंही काढलं होतं. मी त्या माणसाला काही बोललो नाही. ते अजून टोचतं.

तुमच्याकडे दारात बारदान टाकलेलं होतं. तुम्ही कुलूप खिशात घातलंत आणि म्हणालात, "या, पाऊस थांबस तवर बघा." बंद करायची वेळ झाली होती हे नंतर घड्याळ पाहिल्यावर कळलं.

लेकीला तुम्ही जे दाखवलंत त्याचे आभार ती वेगळे मानेल. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे, हे ऐकल्यापासून ती भेटेल त्याला "खान्देशात शहामृग होते!" असं सांगत सुटलीय. आणि तुम्ही प्रकाशा गावाचं नाव काढलंत तेव्हा आई पहिल्यांदा पुढे सरकली. तिचं माहेर तिकडचं. तापी-गोमाईच्या संगमावर 1955 मध्ये उत्खनन झालं, तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची खापरं निघाली, असं तुम्ही सांगत होतात. आई म्हणाली, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल, साहेब लोक माती चाळतात म्हणून मोठी माणसं बघायला जायची. मी तिचा पोटचा मुलगा. पंचेचाळीस वर्षांत हे माझ्या कानावर आलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मग ती शेतीच्या अवजारांची भिंत. दोरीला टांगलेली एक बांबूची पोकळ नळी, वर लाकडी वाटीसारखं तोंड. खाली चिठ्ठी: 'बांबूची नळी'. आई तिथं थबकली. तुम्ही हे पाहिलंत. मी पाहिलं नव्हतं, मी मोबाइलवर शेवटच्या एसटीची वेळ बघत होतो.

"माय, हाई काय शे, तुले माहीत शे का?"

किती साधं वाक्य. अहिराणीत विचारलंत, हे तर आहेच. पण परीक्षा घ्यावी तसं किंवा म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं तसं विचारलं नाहीत. तुम्हाला खरंच माहिती हवी होती.

"नळी नही रे भाऊ. सरतं शे हाई."

आणि तुम्ही ते भिंतीवरून काढून तिच्या हातात दिलंत. "कसं धरतस, दखाड बरं."

आप्पा, माझी आई त्या ओल्या फरशीवर चालायला लागली. पदराची ओटी खोचली, डाव्या हातात सरतं, उजव्या हाताची मूठ. पुढे तिफण चालतेय, चाड्यात बाजरी पडतेय आणि ही मागून सरत्यातून तुरीचा दाणा सोडतेय. मूठ सैल पडली तर दाट उगवतं, आवळली तर तूट पडते, मग दीर सगळ्यांदेखत बोलणार. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून दर पेरणीला किती कोस चालली असेल, याचा हिशोब कुणी ठेवलाय? भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. लेक तोंड उघडं ठेवून बघत होती.

हातात धरू दिलंत ते मोठंच. पण माझ्या मनात बसलंय ते त्यानंतरचं. तुम्ही कानामागची पेन्सिल काढलीत, 'बांबूची नळी' वर रेघ मारलीत आणि शेजारी 'सरतं' लिहिलंत. मग विचारलंत, "माय, तुन्हं नाव काय?" आणि शब्दाखाली तिचं नाव लिहिलंत. माहेरचं गावही. आईला वाचता येत नाही. तिनं नातीकडून ते दोनदा वाचून घेतलं.

आपलं धुळं म्हणजे इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं धुळं. गावोगाव हिंडून, कुणाच्या माळ्यावरची तर कुणाच्या कोनाड्यातली जुनी दप्तरं त्यांनी मागून आणली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, आणि पुढे शब्दांच्या मुळांमागे लागले. 31 डिसेंबर 1926 ला ते इथंच गेले. स्वभावानं फार तापट होते म्हणतात, तुमच्याशी ते जुळत नाही. पण ज्याच्या घरी काही आहे त्याच्या दारी आपण जायचं आणि विचारायचं, ही रीत तुमच्यात उतरलेली दिसते. खुर्चीत बसून 'बांबूची नळी' लिहिणारे पुष्कळ असतात. चांगुलपणाला पगारश्रेणी नसते हेही त्या दिवशी कळलं. त्या शिट्टीवाल्याचा गणवेश तुमच्या सदऱ्यापेक्षा कितीतरी कडक इस्त्रीचा होता. (त्याचंही दिवसभर उभं राहून डोकं फिरत असेल, हे आता लिहिताना वाटतंय. तेव्हा वाटलं नव्हतं.)

परतीच्या एसटीत खिडकीतून पाणी गळत होतं. आई एरवी चिमठाण्यापर्यंत झोपते, त्या दिवशी जागी होती. सारखी बोलत होती, नातीला अवजारांची नावं सांगत होती, आणि नात वहीत लिहून घेत होती. 'आपल्या भागाचा इतिहास' या मथळ्याखाली आता त्या वहीत आजीच आजी आहे. बाईंना चालेल की नाही, बघू.

तर असं. त्या भिंतीवर आणखी दोन चिठ्ठ्या चुकीच्या आहेत असं आईचं म्हणणं आहे, तिनं मनात धरून ठेवलंय. पोळ्याला मी पुन्हा गावी येणार आहे, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन येतो. तुमची कुलूप लावायची वेळ व्हायच्या आधी येऊ. पेन्सिल ठेवा.

तुमचा,
सरत्यावाल्या मायचा मुलगा