बंदुकीने कबुतरे घटत नाहीत

इंग्लंडमधील शेतांवर होणाऱ्या वुड पिजन या रानकबुतरांच्या शिकारीवरील आपल्या अंकातील लेख वाचला. हिवाळ्यात रेपसीड या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाची कोवळी पाने हे पक्षी फस्त करतात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते, हे खरेच आहे. परंतु शिकारीमुळे त्यांची संख्या आटोक्यात राहते, हा लेखातील निष्कर्ष मान्य करता येत नाही. १९६०च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ आर. के. मर्टन यांनी इंग्लंडमधील केंब्रिजशायरमध्ये केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले होते, की हिवाळ्यात मारले जाणारे बरेचसे पक्षी एरवीही अन्नटंचाईने दगावले असते, म्हणजेच वसंतात किती कबुतरे उरणार हे काडतुसांपेक्षा शेतातील उपलब्ध अन्नावर ठरत होते. स्कँडिनेव्हियातील थवे शरद ऋतूत फ्रान्स-स्पेनकडे स्थलांतर करतात, तर ब्रिटनमधील बहुतेक पक्षी वर्षभर तिथेच राहतात, हा महत्त्वाचा फरकही लेखात यायला हवा होता. कोवळ्या पिकावर उतरलेला थवा हुसकावण्यासाठी, इतर उपाय थकल्यावर, बंदूक वापरणे समजू शकते; मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, घरट्यांत पिल्ले असताना, कापणी झालेल्या शेतांवर होणाऱ्या शिकारीला पीकसंरक्षण म्हणता येणार नाही.

– एक पक्षीनिरीक्षक, नाशिक