पाचव्या सत्राच्या दारात अडकणारे फार्मसीचे विद्यार्थी

महोदय,

बी. फार्म.च्या नियमांत एक मेख आहे. पहिल्या तीन सत्रांचे राहिलेले विषय चौथ्या सत्राच्या परीक्षेपर्यंत सोबत नेता येतात. मात्र पहिल्या दोन सत्रांतला एक जरी विषय बाकी असला, तरी पाचव्या सत्राला बसता येत नाही. बारावी मराठीतून करून गडचिरोली, गोंदियाहून नागपुरात येऊन खोली करून राहणाऱ्या अनेक मुलांना हे कळते तेव्हा वर्ष हातचे गेलेले असते. नियम पुस्तिकेत असतो, पण पुस्तिका वाचतो कोण?

विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी महाविद्यालयाने पालक-शिक्षक नेमणे बहुधा कागदोपत्रीच उरते. खरे काम पहिल्या सत्र-चाचणीनंतर लगेच करायचे. बहुतेक विषयांत थिअरीत अंतर्गत गुण २५, लेखी पेपर ७५, उत्तीर्ण व्हायला एकूण ५०. अंतर्गत १० मिळाले तर लेखीत ४० लागतात. १८ मिळाले तर ३२ पुरतात. हा हिशेब मुलासमोर मांडा. चाचणीचे गुण सुधारण्याची संधी एकदाच मिळते, ती कशी वापरायची हेही तेव्हाच ठरवा. हजेरी ८० टक्क्यांखाली गेली की परीक्षाच हुकते, म्हणून ती दर महिन्याला बघा.

सलग प्रात्यक्षिके चुकवणारा मुलगा दरवेळी आळशीच नसतो. त्याला आधी एकट्याला बोलवा, घरी फोन नंतर. महाविद्यालयात समुपदेशक नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक निदान प्रयोगशाळेच्या दारावर तरी लावा.

– फार्मसीचे काही शिक्षक, नागपूर