हिकी आधी मुद्रक होता

महोदय,

भारतातील पहिले वृत्तपत्र म्हणून ‘बेंगॉल गॅझेट’चा उल्लेख नेहमी होतो, मात्र त्याचा कर्ता जेम्स ऑगस्टस हिकी मुळात मुद्रक होता आणि कर्जापायी कलकत्त्याच्या तुरुंगात असतानाच तो छपाईच्या धंद्यात शिरला, हे सहसा सांगितले जात नाही. २९ जानेवारी १७८० रोजी निघालेल्या या साप्ताहिकात कुचाळक्याही भरपूर असत, त्यामुळे हिकीला निष्कलंक वीर ठरवण्याचे कारण नाही. तरीही तेव्हाचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरील टीकेपायी टपालाने अंक पाठवण्याची सोय गेली, १७८१ मध्ये पुन्हा कैद झाली, तरी त्याने तुरुंगातूनही अंक चालू ठेवले. मार्च १७८२ मध्ये छापखान्याचे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जप्त झाले, तेव्हाच पत्र बंद पडले.

– एक वाचक