नारिंगी प्रथिन म्हणजे सनस्क्रीन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या विज्ञान पुरवणीतील नारिंगी कॅरोटिनॉइड (गाजरासारखा रंग देणारे रंगद्रव्य) प्रथिनावरचा लेख मी दोनदा वाचला आणि त्यात त्याला ‘सायनोबॅक्टेरियांचे (सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जिवाणूंचे) सनस्क्रीन’ म्हटलेले पाहून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. सनस्क्रीन प्रकाशाला आत येण्याआधीच अडवते. हे प्रथिन मात्र फायकोबिलिसोमने, म्हणजे पेशीतील प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनसंचाने, प्रकाश शोषून घेतल्यानंतर त्यातील जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकण्यास मदत करते.

या घोळाची किंमत मी स्वतः मोजली आहे. चार वर्षांपूर्वी घरामागे स्पिरुलिना या सायनोबॅक्टेरियाची टाकी सुरू केली तेव्हा प्रशिक्षण देणाऱ्यांनी ठामपणे सांगितले होते, की या जिवाणूंना निसर्गानेच सनस्क्रीन दिले आहे, शेडनेटचा खर्च कशाला करता. एप्रिल महिना होता आणि सावलीत वाढवलेले मदर कल्चर (विरजणासारखे सुरुवातीचे जिवाणू) नुकतेच टाकीत सोडले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिवळट पडलेले दिसले आणि कापडातून गाळल्यावर हाती काहीच लागले नाही. विरळ कल्चर एकदम उघड्या उन्हात गेले, की प्रत्येक पेशीवर तिला झेपणार नाही इतका प्रकाश पडतो आणि पेशीला घातक ठरणारा क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी जाळी नक्कीच बांधली असती.

हे प्रथिन नारिंगी रूपात ऊर्जा बाहेर टाकण्याचे काम करते, असे लेखात म्हटले आहे, पण ते खरे नाही. त्याचे दोन भाग असून कॅरोटिनॉइडचा एक लांबट रेणू त्या दोघांत पसरलेला असतो. तीव्र निळा-हिरवा प्रकाश पडला, की तो रेणू सुमारे 12 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) सरकून पूर्णपणे पहिल्या भागात शिरतो, दोन्ही भाग एकमेकांपासून सुटतात आणि प्रथिन लाल होते. हे लाल रूपच फायकोबिलिसोमला चिकटते. ऊन उतरल्यावर दुसरे एक प्रथिन त्याला तिथून सोडवून पुन्हा नारिंगी करते. मंद प्रकाशात अन्न तयार करण्याची ऊर्जा वाया जाऊ नये, म्हणून ही व्यवस्था मागे घेता येणे फार महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच लेखात नाही. 1981 मध्ये हॉल्ट आणि क्रोगमन या शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचे वर्णन केले, त्याची रचना 2003 मध्ये समजली आणि तीही स्पिरुलिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आर्थ्रोस्पायराच्याच प्रथिनावरून. आमच्या टाकीतल्या जिवाणूशी इतके जवळचे नाते असलेला हा विषय अधिक काळजीने मांडायला हवा होता.

लेखासोबतचे छायाचित्रही चुकीचे आहे. त्यातील हिरवे तंतू स्पायरोगायराचे, म्हणजे खऱ्या शैवालाचे आहेत. स्पायरोगायरात मळसूत्रासारखे असते ते हरितलवक (पेशीतील हिरवा, अन्न तयार करणारा भाग), तर स्पिरुलिनाचा संपूर्ण तंतूच मळसूत्री असतो. या सर्व दुरुस्त्या पुढील पुरवणीत छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक, फलटण