कमाई कळवायची, पण कोणत्या रकान्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बेरोजगारी भत्त्यावरचा लेख वाचला. भत्ता घेऊन वर ‘बाजूची कमाई’ करणाऱ्या कामगारांची लेखकमहाशयांनी चांगलीच हजेरी घेतली आहे. भाषा ओघवती आहे, याबद्दल अभिनंदन. फक्त एवढ्या मोठ्या लेखात भत्ता किती मिळतो हा आकडा कुठेच सापडला नाही. दोनदा शोधला. तो दिला असता तर अर्धा लेख लिहायची गरज उरली नसती, म्हणून मीच देते.

हा भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा सरासरी मजुरीच्या पाव हिस्सा मिळत असे, २०२० मध्ये तो निम्मा झाला. तोही जास्तीत जास्त ९० दिवस आणि उभ्या आयुष्यात एकदा. माझ्या धाकट्या दिरांचा पगार कागदावर १८ हजार होता. दोन वर्षांच्या मजुरीची बेरीज करायची, तिला ७३० ने भागायचं, आलेल्या आकड्याचा निम्मा करायचा. दिवसाला तीनशेच्या आत येतात. नव्वद दिवसांचे साडेसव्वीस हजार आणि वर थोडी चिल्लर. लेखकांनी ‘ऐतखाऊपणा’ असा शब्द वापरला आहे. साडेसव्वीस हजारांत आयुष्यभराचा ऐतखाऊपणा कसा करतात, हे त्यांनी पुढच्या लेखात जरूर सांगावं. शिवाय हा पैसा करदात्यांच्या खिशातून येत नाही. १८ हजारांवर दरमहा १३५ रुपये भाऊजींच्या पगारातून ई.एस.आय.साठी (कर्मचारी राज्य विमा) कापले जात होते आणि ५८५ मालकाने भरायचे होते. वर्षानुवर्षे.

आता मूळ मुद्दा. २०२४ च्या डिसेंबरात अंबड एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्याने (नाव लिहीत नाही, का ते पुढे येईलच) एक पाळी बंद केली आणि भाऊजींसह बऱ्याच जणांना ‘ब्रेक’ दिला. पत्र नाही, नोटीस नाही. गेटवर वॉचमनने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. दरमहा ई.एस.आय.ची वर्गणी भरताना ज्या कामगाराचे कामाचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कंपनीला कारणाचा आकडा टाकावा लागतो. रजेवर असेल तर एक, नोकरी सोडली असेल तर दोन, कपात केली असेल तर दहा. कंपनीने भाऊजींपुढे ‘एक’ टाकला. म्हणजे गेटवरून परत पाठवलेला माणूस जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असा सलग रजेवर! इतकी लांब रजा आमच्या घराण्यात आजवर कुणी भोगली नव्हती. ‘दहा’ टाकला असता तर २००५ पासून असलेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेकडे तरी बघता आलं असतं. तिच्यात पहिलं वर्ष निम्मी मजुरी आणि दुसरं वर्ष पाव मजुरी मिळते. पण कपात म्हटली की मालकाला नुकसानभरपाई आणि नोटिशीचा पगार आठवतो. मग रजाच बरी.

कंपनीच्या ऑफिसात भाऊजी गेले की एचआरच्या मॅडम मीटिंगमध्ये. मी स्वतः बरोबर गेले तेव्हाही मीटिंगच चालू होती. एकदा त्यांनी फोन उचलला आणि म्हणाल्या, “सिस्टीममध्ये चुकून पडलंय, पुढच्या महिन्यात दुरुस्त करू.” पुढचा महिना उजाडायला पावसाळा लागला.

दरम्यान, पावसाळ्याच्या आधीच नाशिकला द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता. पिंपळगावच्या बाजूला पॅकहाऊसमध्ये मणी छाटायला आणि पेट्या भरायला माणसं लागतात, पाचशे रुपये रोज सुटतो. भाऊजी काही दिवस गेले. आता लेखकमहाशय, हीच तुमची ती ‘बाजूची कमाई’. भत्त्याचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्यात लिहून द्यायचं होतं की या काळात मी बेरोजगार होतो. भाऊजी म्हणाले, “वहिनी, मी तर कामावर गेलो होतो.” फॉर्म भरून देणारा दुकानदार हसला. म्हणाला, “काका, ते कोण सांगतं? सोडून द्या.” आम्ही रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. चार दिवस हातावरचं काम केलं, त्याचे अमुक पैसे मिळाले, असं लिहायला जागाच नव्हती. एकतर नोकरीत, नाहीतर बेरोजगार. पॅकहाऊसमध्ये कुणी नेमणूकपत्र देत नाही, त्यामुळे नोकरीत म्हणावं तर मालकाचं नाव काय लिहायचं? आणि बेरोजगार म्हणावं तर तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या ई.एस.आय. कायद्यातलं कलम ८४ डोळ्यांसमोर. खोटी माहिती दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं त्यात होतं.

भाऊजी भिडस्त आणि भित्रे, दोन्ही. झालेल्या दिवसांची यादी त्यांनी वहीच्या कागदावर लिहून अर्जाला जोडली आणि पॅकहाऊसला जाणंच बंद केलं. ऐन हंगामात माणूस घरी बसला, ते दिवसाच्या तीनशेसाठी. आणि तेही त्या ‘एक’मुळे अडकलेले. त्यांच्याच पाळीतले दोघं काही न लिहिता मार्चअखेरपर्यंत पेट्या भरत राहिले. मी त्यांना दोष देत नाही. घरभाडं त्यांनाही होतं. पण तुमचे लेखक ज्यांना अप्रामाणिक म्हणतात त्यांचं काही बिघडलं नाही, आणि ज्याने खरं लिहिलं त्याचा हंगाम बुडाला. याला कारणीभूत कामगार की फॉर्म, ते त्यांनीच ठरवावं.

लेखात जर्मनीचं भारी कौतुक आहे. तिथे म्हणे लोक पै न पै कळवतात. कळवतात खरं, पण का कळवतात तेही लिहायला हवं होतं. तिथे भत्ता चालू असताना आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करायची मुभा आहे, आणि महिन्याला निव्वळ १६५ युरोपर्यंतच्या कमाईवर भत्त्यातून काही कापत नाहीत. त्यावर कमावलं तर वरचं तेवढं वजा होतं. असं असेल तर आमचे भाऊजीच काय, तो दुकानदारसुद्धा खरं लिहील. अर्धवट जर्मनी दाखवून नाशिकच्या माणसाला लाजवू नये.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. त्याच दुकानदाराने “अर्जाला अॅफिडेव्हिट लागतं” म्हणून आमच्याकडून पाचशेचा स्टॅम्पपेपर आणवला, नोटरीचे वेगळे घेतले. नंतर कळलं की या योजनेसाठी प्रतिज्ञापत्राची अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढून टाकली आहे. आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. म्हणजे नको असलेल्या कागदावर नको असलेला खर्च, तोही कमावता हात घरी बसलेला असताना. शंभरचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचशेचा झाला तेव्हा तुमच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी होती. माफीची एक चौकट रोज छापलीत तरी जागा वाया जाणार नाही. राशिभविष्य थोडं आखडतं घ्या.

भाऊजींना आता सातपूरला काम लागलं आहे. जुन्या कंपनीकडून फुल अँड फायनलचा हिशेब अजून यायचा आहे, म्हणून कंपनीचं नाव दिलेलं नाही आणि माझंही छापू नये ही विनंती. पत्र कापायचं झालं तर जर्मनीचा परिच्छेद कापा, कारणाच्या आकड्यांचा नको.

आपली,
एक वाचक, अंबड, नाशिक