सुताराचं पदक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पंधरा वर्षांच्या मुलांना नेतृत्वशैली शिकवायची आहे, तक्ता कसा आखू, असं विचारलंस. आखूच नकोस. मी आखला होता. हुकूम सोडणारे, सल्ला घेणारे, मोकळीक देणारे, प्रत्येक रकान्यात एकेक थोर माणूस. मुलांनी निमूट उतरवून घेतला आणि मागच्या बाकावर फुल्ली-गोळा सुरू झाला.

पुढच्या खेपेला तिघंच घेतले, तिघंही एकाच बर्फातले, अंटार्क्टिकावरच्या मोहिमांचे म्होरके. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला, आणि परतताना चारही सोबत्यांसह मरण पावला. शॅकलटन १९०९ मध्ये ध्रुव जेमतेम १८० किलोमीटरवर असताना, माणसं जगवायची म्हणून मागे फिरला होता.

मुलं आधी सरळ निकाल लावतात : पोचला तो भारी. लावू दे. मग सांग, की स्कॉटचा शिधा नि तंबू चौघांच्या हिशेबाने होते आणि ऐनवेळी त्याने पाचवा माणूस घेतला. "मग कुणीच कसं काही बोललं नाही?" एका मुलीने विचारलं. तास खरा तिथून सुरू झाला. कारण अमुंडसेनच्या तुकडीत बोलणारा होता! सप्टेंबरात घाईने निघून थंडीमुळे परतावं लागलं, तेव्हा योहानसेनने त्याला सर्वांसमोर सुनावलं. अमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून वगळलं आणि ध्रुव गाठला. आता बसव याला रकान्यात.

जास्त वेळ मात्र शॅकलटनला दे. १९१५ मध्ये, अंटार्क्टिका खंड ओलांडायच्या नव्या मोहिमेत, त्याचं जहाज बर्फाने चिरडलं, २८ माणसं उघड्यावर. कुरकुर करणाऱ्यांना त्याने स्वतःच्या तंबूत घेतलं. (वर्गातले कुरकुरे एकदम ताठ बसले.) मॅकनिश नावाचा सुतार अडून बसला : जहाज बुडालं, करार संपला, हुकूम का ऐकू? पुढे याच सुताराने एका होडीच्या कडा उंच केल्या, वर कॅनव्हास ताणलं. तीत बसून सहा जण मदत आणायला सुमारे १३०० किलोमीटर खवळलेला समुद्र ओलांडून गेले, शॅकलटन आणि मॅकनिश दोघंही. सगळ्यांनी होड्यांतून गाठलेल्या बेटावर मागे राहिलेले २२ जण ३० ऑगस्ट १९१६ ला सुटले.

आणि मोहिमेतल्या कामगिरीच्या पदकासाठी नावं देताना शॅकलटनने मॅकनिशचं नाव गाळलं.

इथे थांब, काही बोलू नकोस. माझा वर्ग उभा फुटला. कोरे कागद वाटले : तुम्ही शॅकलटन आहात, शिफारशीची यादी लिहा. "एकही माणूस दगावला नाही," असं कुणी लिहिलंच, तर खंडाच्या दुसऱ्या टोकाला याच मोहिमेसाठी शिध्याचे साठे लावणाऱ्या तुकडीतले तिघं मेले, हे तेव्हा सांग. आधी सांगितलंस तर मुलं शॅकलटनवर एवढी चिडतात, की सुतार बाजूलाच राहतो. माझं एकदा तसं झालंय.

माझी यादी मी त्यांना दाखवली नाही. तुझ्या वर्गाचा कौल कळव, मग तुला दाखवीन.

तुझा मित्र